कैलासाच्या दारातून परतणारे यात्रेकरू

मार्च २०२५ मध्ये खुलदाबाद येथील औरंगजेबाच्या कबरीवरून महाराष्ट्राचे वातावरण ढवळून निघाले. वृत्तवाहिन्यांवर रात्ररात्र चर्चा रंगल्या, निवेदने दिली गेली, मोर्चे निघाले आणि १७ मार्च रोजी नागपुरात हिंसाचारही झाला. ज्या पातशहाला मराठ्यांनी सत्तावीस वर्षे झुंजवले आणि ज्याला अखेर याच मातीत, १७०७ मध्ये, हताश अवस्थेत देह ठेवावा लागला, त्याच्याविषयीचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु त्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणीच विचारला नाही. ज्या डोंगराच्या पठारावर ती कबर आहे, त्याच डोंगराच्या उतारावर, अवघ्या चार-पाच किलोमीटरांच्या अंतरावर, वेरुळचे कैलास लेणे उभे आहे. कबरीवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते लेणे डोळे भरून पाहिले होते? ज्यांनी पाहिले, त्यांपैकी कितीजणांना ते कोणत्या राजाच्या काळात कोरले गेले, त्याच्या भिंतींवर कोणत्या कथा आहेत, हे सांगता आले असते?

शत्रूने काय मोडले याची यादी आपल्याला पाठ असते. पूर्वजांनी काय घडवले याची यादी मात्र अर्धीही सांगता येत नाही. समाजाच्या आत्मविश्वासाच्या दृष्टीने ही अवस्था चिंताजनक आहे. केवळ जखमेच्या आधारावर कोणतेही राष्ट्र उभे राहत नाही, ते कर्तृत्वाच्या स्मरणावर उभे राहते.

बेलापूरच्या चहूबाजूंची गर्दी

हे विधान तपासून पाहण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर हे गाव घ्यावे. मुंबईकरांना बेलापूर म्हटले की नवी मुंबई आठवते, पण प्रवराकाठचे हे बेलापूर त्याहून कितीतरी जुने. श्रीरामपूर शहरातील रेल्वे स्थानकाच्या पाटीवर आजही नाव आहे ते बेलापूरचे. महानुभाव परंपरेत श्रीचक्रधरस्वामींच्या चरणस्पर्शाने हे गाव पावन मानले जाते. याच श्रीरामपूर तालुक्यात, याच प्रवरेच्या काठी, दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तेथे एका वनवासी बांधवाला झाडाचे मूळ खोदताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ व तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ती शिल्पे असून त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक आहे. हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाचे धागे दक्षिणेत कोठवर पोहोचले होते, या चर्चेत दायमाबादचे नाव जगभरचे अभ्यासक घेतात. श्रीरामपूर तालुक्यातील शाळांमधून मात्र ते नाव किती वेळा उच्चारले जाते, हे शिक्षकांनीच एकदा स्वतःला विचारावे.

या गावाच्या एका अंगाला शिर्डी, दुसऱ्या अंगाला शनिशिंगणापूर. वर्षभर लाखो भाविकांच्या गाड्या या पट्ट्यातून धावतात. सहलीचा ठरलेला क्रमही सर्वांच्या ओळखीचा आहे. पहाटे शिर्डी, दुपारी शिंगणापूर, संध्याकाळी घृष्णेश्वर आणि रात्री परत. घृष्णेश्वराच्या रांगेत तासभर उभे राहून दर्शन घेणारा भाविक बाहेर येतो, प्रसाद घेतो आणि गाडीत बसतो. एक किलोमीटरही दूर नसलेला कैलास तसाच मागे राहतो. कोणी आग्रह धरलाच, तर ‘तिथे पूजा थोडीच होते, ते तर बघण्याचे ठिकाण’ असे उत्तर मिळते. ज्याने मुळात शिवालय म्हणून जन्म घेतला, ते शिवभक्तालाच परके वाटावे, यातच सारे दुखणे सामावलेले आहे.

एका दिवसाची वाट

याउलट, पाठीवर सॅक टाकून एकट्याने फिरणारा प्रवासी वेरुळला रोज दिसतो. तो बहुधा परदेशी असतो. हातात नकाशा किंवा मार्गदर्शक पुस्तक, पाण्याची बाटली, पायांत दणकट बूट. पहिल्या लेण्यापासून चौतिसाव्यापर्यंत तो पायी जातो, एखाद्या शिल्पपटासमोर अर्धा तास बसून राहतो, वहीत काही टिपतो. त्याची श्रद्धा तेथे नसते, पण लक्ष असते. आपल्याकडे श्रद्धा आहे, लक्ष नाही. श्रद्धा आणि लक्ष एकाच माणसात एकत्र येतील, असा प्रवासी या मातीतून का निपजू नये?

बेलापूरचा एखादा तरुण किंवा तरुणी असा एक दिवस काढू शकते. त्यासाठी ना मोठा खर्च लागतो, ना रजा. मंगळवारी वेरुळची लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. पहाटेच्या एसटीने श्रीरामपूर गाठावे आणि नेवाश्याची गाडी धरावी. ही वाट प्रवरेच्या सोबतीने जाते. नेवासे येते तेव्हा शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० चे स्मरण व्हावे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरील टीका सांगितली, तो पैस येथे आहे. पुढे प्रवरासंगमाला प्रवरा गोदावरीला मिळते आणि पूल ओलांडला की मराठवाडा सुरू होतो. छत्रपती संभाजीनगरहून वेरुळकडे निघाले की देवगिरीचा किल्ला सामोरा येतो. ज्या रामदेवरायाचा उल्लेख ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येतो, त्याच्या या राजधानीवर ज्ञानेश्वरी सिद्ध झाल्यावर अवघ्या सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीने झडप घातली. त्याच गडावर पुढे किल्लेदारी सांभाळणाऱ्या जनार्दनस्वामींच्या चरणी बसून एकनाथ घडले. सत्ता गेली, पण परंपरा खंडित झाली नाही, हे देवगिरीइतके स्पष्टपणे दुसरे कोणते ठिकाण सांगेल?

आणि मग वेरुळ. शहाजीराजांचे पितामह बाबाजी भोसले या गावचे पाटील होते. मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. पुढे अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी हे मंदिर पुन्हा उभारले. या अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये चौंडीचा, म्हणजे बेलापूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातला. म्हणूनच २०२४ मध्ये या जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. दिवसभराच्या या वाटेवर प्रागैतिहासिक काळापासून मराठेशाहीपर्यंतची सारी शृंखला एकामागून एक उलगडत जाते. बंद काचांच्या गाडीतून, डोळे मोबाइलवर ठेवून जाणाऱ्याला ती दिसत नाही, इतकेच.

दगडात उतरलेले पुराण

इंग्रजांनी या वास्तूंना ‘केव्ह’ म्हटले आणि आपणही सरसकट ‘गुहा’ म्हणू लागलो. गुहा निसर्ग घडवतो. मराठीत शब्द आहे तो ‘लेणे’. लेणे म्हणजे अंगावर घालायचा दागिनाही. सह्याद्रीच्या अंगावरचा हा दागिना माणसाने घडवला, हे आपल्या भाषेने त्या एका शब्दात सांगून ठेवले आहे. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी १८८० मध्ये भारतातील लेण्यांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी केलेली मोजमापे, आराखडे आणि नोंदी यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांच्या दृष्टीला ती प्राचीन स्मारके होती. ती आपल्याही दृष्टीने केवळ स्मारके व्हावीत, हे मात्र आपले अपयश.

वेरुळच्या क्रमांकित ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. एका डोंगराच्या अंगावर तिन्ही पंथांचे साधक शेजारी शेजारी राहिले. या सहजीवनाचे स्मरण देताना कोणाचेही वेगळेपण पुसण्याचे कारण नाही. बौद्ध लेणे बौद्ध म्हणूनच वंदनीय आहे आणि जैन लेणे जैन म्हणूनच. हिंदू लेण्यांमध्येही तोच भाव आढळतो. ‘रावण की खाई’ या विचित्र नावाने ओळखल्या जाणाऱ्या १४ व्या लेण्यात एका भिंतीवर शैव शिल्पे आहेत, तर समोरच्या भिंतीवर दुर्गा, लक्ष्मी, वराह, विष्णू यांचा परिवार आहे. शैव-वैष्णवांच्या भांडणांचीच चर्चा करणाऱ्या विद्वानांनी या दोन भिंतींच्या मध्ये क्षणभर उभे राहावे.

१५ व्या, दशावतार लेण्याच्या वरच्या मजल्यावर हिरण्यकशिपूवर झेपावणारा नरसिंह आहे. मार्कंडेयाला यमपाशातून सोडवणारा शिव तेथे आहे आणि लिंगातून प्रकटणारा शिवही आहे. २९ वे लेणे ‘धुमार लेणे’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या विस्तीर्ण मंडपात शिव-पार्वतीच्या विवाहाचा आणि अंधकासुराच्या वधाचा पट आहे. ज्या काळी पोथी मूठभरांच्याच हाती होती, त्या काळी अक्षर न येणारा शेतकरीही या भिंतींसमोर उभा राहून पुराण वाचू शकत होता. आज घराघरांत पदवीधर आहेत, पण भिंत वाचणारा विरळा.

आणि १६ वे लेणे म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचे मुख्य काम झाले. बडोदे येथे मिळालेल्या कर्क राजाच्या इसवी सन ८१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात एलापूरच्या या देवालयाचे वर्णन आहे. हे काम आपल्या हातून कसे झाले, याचे खुद्द शिल्पकारालाच नवल वाटले, अशा आशयाचे उद्गार त्या ताम्रपटात आहेत. सुमारे ८० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद अशा प्रांगणात, एकाच अखंड कातळातून, शिखराकडून पायाकडे कोरत आणलेले हे मंदिर. सामान्य मंदिर पायापासून चढवतात. चूक झाली तर दगड बदलता येतो. येथे चुकीला जागाच नव्हती. जो भाग ठेवायचा, तो आधी मनात पूर्ण उभा असल्यावाचून छिन्नीचा पहिला घाव घालता येत नव्हता.

मंदिराच्या एका बाजूच्या भिंतीवर रामायण आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर महाभारत पट्ट्यापट्ट्यांनी कोरले आहे. अधिष्ठानावर हत्तींची रांग सारे मंदिर पाठीवर घेऊन उभी आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती यांचे स्वतंत्र दालन आहे. कैलास हलवू पाहणारा आणि शिवाच्या पायाच्या अंगठ्याखाली दबलेला रावण म्हणजे तर अहंकाराचे चिरंतन रूप. मंदिराची घडण द्राविड पद्धतीची आहे. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर आणि कांचीचे कैलासनाथ यांच्याशी तिचे नाते अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. राजवंश कर्नाटकाशी नाते सांगणारा, शैली तमिळ देशातून आलेली आणि डोंगर महाराष्ट्राचा! प्रांताप्रांतांत भिंती उभ्या करणाऱ्यांना बाराशे वर्षांपूर्वीच्या या कातळाने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

पांडव, परग्रहवासी आणि विसरलेले हात

हे सारे ठाऊक नसले की रिकामी जागा दंतकथा भरून काढते. गावोगावच्या लेण्यांना ‘पांडवांनी एका रात्रीत कोरलेली’ म्हणण्याची प्रथा आहे. त्यामागचा भाविक भाव निर्मळ आहे, परंतु त्याची किंमत मोजावी लागते. नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. एका मातेने आपल्या पराक्रमी पुत्राचा गौरव कोरून ठेवला आणि आपण त्या मातेचे नाव विसरून लेणे पांडवांच्या नावे केले.

अलीकडे दंतकथेची जागा अधिक उथळ प्रकाराने घेतली आहे. कैलास परग्रहवासीयांनी कोरला, असे सांगणारे परदेशी कार्यक्रम आणि चित्रफिती आपल्याच मुलांच्या मोबाइलवर फिरतात. पुष्कळदा हिंदुत्वाचा अभिमान मिरवणारेच त्या कौतुकाने पुढे पाठवतात. हा गौरव नव्हे, अपमान आहे. ‘हे तुमच्या पूर्वजांच्या आवाक्यातले काम नव्हते’ हाच त्याचा अर्थ. ज्यांनी काळ्या पाषाणावर पिढी दर पिढी छिन्नी चालवली, ज्यांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ गेली, ते पाथरवट, ते शिल्पी आपलेच होते. त्यांची नावे उरली नाहीत. निदान त्यांचे श्रेय तरी आकाशातून आलेल्या काल्पनिक पाहुण्यांना देऊ नये.

लेणी केवळ राजांची नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख आढळतात. समाजातील सर्व थरांचे हात या डोंगरांना लागले आहेत. समरसतेचा उच्चार व्यासपीठावरून करणाऱ्यांना याहून बोलका पुरावा कोणता हवा? ज्या समाजांना पुढे मंदिराच्या दाराबाहेर उभे केले गेले, त्यांच्याच पूर्वजांच्या हातांनी मंदिरे घडली, ही गोष्ट प्रत्येक घरात मुलांना सांगितली गेली पाहिजे.

अज्ञानाबरोबर विध्वंस येतो, आणि तो नेहमी परकाच करतो असे नाही. घारापुरीला पोर्तुगीजांनी शिल्पे फोडली. तेथील शिलालेख त्यांनी काढून नेला आणि तो कायमचा हरवला. त्यामुळे सदाशिवाची ती अलौकिक मूर्ती नेमकी कोणी घडवली, यावर आजही अभ्यासकांना वाद घालावा लागतो. हे पाप परक्यांचे. परंतु लेण्यांच्या भिंतींवर बदामाच्या आकृतीत कोरलेली नावे कोणाची? हरिश्चंद्रगडाच्या केदारेश्वरासमोर पडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या कोणाच्या? पोर्तुगीजांना जाऊन शतके लोटली. ही नावे कोरणारे हात आपल्याच घरातले आहेत.

एकट्याने जाणे परके आहे काय?

पाठीवर सॅक टाकून एकट्याने भटकणे हे पाश्चात्त्य व्यक्तिवादाचे फॅड आहे, आपली परंपरा वारीची आणि समूहाची आहे, असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतील. त्यात तथ्य एवढेच की वारी ही महाराष्ट्राची अनमोल ठेव आहे. परंतु वारीइतकीच जुनी दुसरीही परंपरा येथे आहे, ती म्हणजे परिव्राजकाची. खांद्यावर झोळी, हातात दंड आणि समोर अनोळखी वाट. वर्षावासात भिक्षूंना, यतींना आसरा मिळावा हाही लेण्यांचा एक हेतू होताच. चक्रधरस्वामी महाराष्ट्रभर एकाकी हिंडले आणि वेरुळला त्यांचे वास्तव्य झाल्याचे लीळाचरित्र सांगते. समर्थ रामदासांनी तीर्थाटनात बारा वर्षे घालवली आणि घळींमध्ये निवास केला. स्वामी विवेकानंदांना भारत कळला तो शिकागोला जाण्यापूर्वीच्या त्यांच्या परिव्राजक वर्षांत. समूहात माणूस घोषणा देतो. एकटा असताना तो प्रश्न विचारतो. राष्ट्रकार्याला दोन्ही लागते.

शिवाय हा प्रश्न मुलींच्या दृष्टीनेही पाहावा लागेल. राज्य शासनाने मार्च २०२३ पासून एसटीमध्ये महिलांना निम्म्या तिकिटाची सवलत दिली. तिकीट स्वस्त झाले, पण बेलापूरच्या घरातील किती मुलींना ‘जा, एक दिवस एकटी जाऊन लेणी पाहून ये’ असे सांगितले जाईल? आईवडिलांची काळजी खोटी नाही. बसस्थानकावरची स्वच्छतागृहे, परतीच्या गाडीची अनिश्चितता, टवाळखोरांचा त्रास, या साऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ज्या जिल्ह्याने अहिल्यादेवींसारखी कर्तबगार राज्यकर्ती देशाला दिली, त्या जिल्ह्यात एकटी मुलगी देवदर्शनाला निर्धास्तपणे जाऊन येऊ शकत नसेल, तर केवळ नामांतराने समाधान मानता येणार नाही. मुलीला घरात ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. वाट सुरक्षित करणे हाच उपाय आहे, आणि ते काम गावोगावच्या सज्जनशक्तीचे आहे.

दिव्याखालचा अंधार

वेरुळ निदान जगप्रसिद्ध तरी आहे. १९८३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. अहिल्यानगर जिल्ह्याच्या स्वतःच्या लेण्यांचे काय? नगर-कल्याण रस्त्यावर पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर आहे. तेथील डोंगरात कोरलेले ढोकेश्वराचे शिवालय साधारण सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते, म्हणजे कैलासाहूनही जुने. स्तंभयुक्त मंडप, गर्भगृहाभोवती प्रदक्षिणामार्ग, गंगा-यमुना आणि सप्तमातृकांचा पट. येथे पूजा आजही चालते. श्रावणात भाविकांची रीघ लागते. येथे श्रद्धा आणि शिल्प एकत्र नांदत आहे. परंतु या जिल्ह्यातीलच किती शाळांच्या सहली ढोकेश्वरला जातात? बहुतेक सहली जातात त्या जलक्रीडा उद्यानांना.

अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाची कथा निराळी. केदारेश्वराच्या लेण्यात थंडगार पाण्यात उभे असलेले भव्य शिवलिंग आणि चार खांबांपैकी अखंड उरलेला एकच खांब, हे दृश्य समाजमाध्यमांनी घरोघर पोहोचवले. शनिवार-रविवारी तेथे जत्रा भरते. पण याच गडावर चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ रचला, हे त्या जत्रेत कितीजणांना ठाऊक असते? ढोकेश्वरला कोणी जात नाही आणि हरिश्चंद्रगडाला जाणारे त्याला ओळखत नाहीत. दोन्हीकडे उणीव एकच आहे.

करता येण्याजोगे

शासनाने काय करावे याची यादी लांबलचक करता येईल. पुरातत्त्व खात्याला मनुष्यबळ हवे, लेण्यांच्या दाराशी शुद्ध मराठीत विस्तृत माहितीफलक हवेत, लहान लेण्यांपर्यंत दिवसातून दोन तरी एसटीच्या फेऱ्या हव्यात. या मागण्या रास्तच आहेत आणि त्यांचा पाठपुरावा झाला पाहिजे. परंतु समाज जागा नसेल तर शासनाचा फलकही पुसट होतो.

म्हणून आरंभ घरापासून व्हावा. शाखांच्या सहली नित्य होतात. वर्षातील एक सहल लेण्याची असावी, आणि ती निघण्यापूर्वी आठवडाभर त्या लेण्यातील कथांचे बौद्धिक व्हावे. श्रीरामपूर, नेवासे, पारनेर, अकोले येथील महाविद्यालयांतून दहा-दहा विद्यार्थी निवडून त्यांना शिल्पे समजावून सांगण्याचे प्रशिक्षण द्यावे. डॉ. म. के. ढवळीकरांसारख्या मराठी पुरातत्त्वज्ञांनी वेरुळवर लिहून ठेवले आहे. ती पुस्तके तालुक्याच्या वाचनालयात असावीत आणि असतील तर ती वाचली जावीत. घृष्णेश्वराला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने दोन तास अधिक काढून कैलासात जावे. पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेशशुल्कही नाही. मुलाला छायाचित्रासाठी उभे करण्याआधी रावणाच्या शिल्पासमोर उभे करावे आणि गोष्ट सांगावी. गोष्ट येत नसेल तर आदल्या रात्री वाचून घ्यावी. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना मोटारसायकल किंवा नवा मोबाइल देण्याआधी एक सॅक, एक वही आणि एका दिवसाची मोकळीक द्यावी.

कबरींचे काय करायचे, हे न्यायालये आणि शासन ठरवतील. कैलासाचे काय करायचे, हे मात्र ठरवायला कोणाच्या आदेशाची गरज नाही. तो बाराशे वर्षे उभा आहे. राष्ट्रकूट गेले, यादव गेले, सुलतान आले नि गेले, मोगल संपले, इंग्रज परतले. त्याच्या दाराशी आता आपण आहोत. दार उघडे आहे. आत पाऊल टाकायचे, की प्रसाद घेऊन गाडीत बसायचे, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.